साहेब चांगले, भोवतालचे वाईट: सीमाभागातल्या संमेलन संयोजकांना खुले पत्र

प्रति,
कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमानी, कारदगा आणि सीमाभागातल्या इतर गावांत मराठी साहित्य संमेलन भरवणारी सर्व संयोजक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

सुगी आटोपत आली की तुमच्या बैठका सुरू होतात. अध्यक्ष कोणाला करायचं, कथाकथनाला कोल्हापूरहून कोण येईल, ग्रंथदिंडीला लेझीम की झांजपथक, मांडवाचे पैसे कोण देतो, परवानगीच्या कागदासाठी कचेरीत कोणी खेपा घालायच्या. या धबडग्यात लांबलचक पत्र वाचायला सवड कोणाला? म्हणून मागणी आधीच लिहून टाकते. येत्या हंगामात आपापल्या संमेलनात एक सत्र अशा लेखकांसाठी ठेवा, ज्यांनी परक्या अमलाखाली राहून राजेशाहीला प्रश्न विचारले आणि स्वातंत्र्य मागितलं. ते सकाळी ठेवा, जेवणाआधी. जेवणानंतरच्या सत्राचं काय होतं ते तुम्हीही जाणता नि मीही.

हे एकदम कुठून सुचलं, असं वाटेल. गेल्या काही वर्षांत आपल्या व्यासपीठांवर एक खुर्ची दिसायला लागली आहे. लग्नात नवरा-नवरीला बसवतात ती: सोनेरी रंगाची, हाताच्या जागी दोन सिंह, पाठीला लाल मखमल आणि मागच्या बाजूला पेंटने लिहिलेलं मांडववाल्याचं नाव. एका संमेलनात ती उद्घाटकांसाठी मांडली होती. उद्घाटक राजकारणातले. संमेलनाचे अध्यक्ष, ज्यांची उभी हयात लिहिण्यात गेली, ते शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. निवेदकाने उद्घाटकांच्या नावामागे ज्या पदव्या लावल्या त्यांत ‘आमच्या भागाचे राजे’ हीही होती. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या मावशींना मी विचारलं, तुमच्या गावच्या रस्त्याचं काय झालं हो? त्या म्हणाल्या, “साहेबांचं काय चुकूलंय ओ बाई, मदली मान्सं खाऊलेत सगळं.”

साहेब चांगले, भोवतालचे वाईट. हा समज फार जुना, आणि तो कसा मोडला याचा इतिहास म्हणजेच मी म्हणते त्या लेखकांचा इतिहास. त्यातला बराचसा आपल्याच बेळगाव जिल्ह्यात घडला आहे.

पण सुरुवात लांबून करायला हवी. अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या तेरा इंग्रज वसाहतींमध्ये लोक नेमकं हेच बोलत होते. लंडनच्या पार्लमेंटने कर लादले, बोस्टनमध्ये फौज आणून बसवली, १७७५ च्या एप्रिलमध्ये लेक्सिंग्टन आणि कॉनकॉर्डला गोळ्या सुटल्या, माणसं पडली. तरीही त्याच वर्षी जुलैत वसाहतींच्या प्रतिनिधींनी तिसऱ्या जॉर्ज राजाला विनंतीअर्ज धाडला. आम्ही आपली इमानी रयत आहोत, घोळ घातला आहे तो मंत्र्यांनी, आपण मध्ये पडावं, असा त्याचा सूर. राजाने तो अर्ज स्वीकारलासुद्धा नाही. उलट वसाहती बंडखोर ठरवून जाहीरनामा काढला.

त्यानंतर, १० जानेवारी १७७६ रोजी, फिलाडेल्फियात एक चोपडं निघालं. नाव ‘कॉमन सेन्स’. लेखकाचं नाव वर छापलेलं नव्हतं. लिहिणारा टॉमस पेन. बाप बायकांच्या अंगातले घट्ट कंबरपट्टे शिवणारा, पोरानेही तेच काम केलं, मग इंग्लंडच्या अबकारी खात्यात चिकटला. तिथे सहकाऱ्यांच्या पगारवाढीसाठी पत्रक लिहिलं, पुढे नोकरीही गेली. कर्जबाजारी होऊन बोटीत बसला आणि १७७४ च्या नोव्हेंबरअखेर अमेरिकेत उतरला. म्हणजे हे चोपडं निघालं तेव्हा त्याला त्या देशात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आपल्याकडे एखादा परगावचा माणूस असं काही लिहिता तर पहिल्या बैठकीतच ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आला असता.

पेनने काय केलं? मंत्र्यांना शिव्या देण्यात त्याने वेळ घालवला नाही. दुखणं राजेपणातच आहे, असं तो सरळ म्हणाला. त्याचा मोठा आक्षेप वारसाहक्कावर. एका पिढीने एखाद्याला थोर मानून वर बसवलं, तरी त्याच्या नातवंडा-पतवंडांच्या हाती आपली नातवंडं-पतवंडं बांधून द्यायचा अधिकार त्या पिढीला कोणी दिला? आणि निसर्गाला ही रीत पसंत असती तर त्याने इतक्या वेळा सिंहाच्या जागी गाढव जन्माला घालून तिची थट्टा केली नसती, असाही टोला त्याने हाणला. इंग्लंडच्या राजवंशाचा मूळ पुरुष विल्यम. त्याला हत्यारबंद टोळी घेऊन फ्रान्सहून उतरलेला लुटारू म्हणून मोकळा झाला. बायबलवर विश्वास ठेवणाऱ्या वाचकांना त्याने बायबलच उघडून दाखवलं: इस्राएल लोक शमुवेलाकडे राजा मागायला गेले तेव्हा देव त्यांच्यावर रुसला होता की नाही? एवढं मोठं खंड एका बेटाने कायमचं चालवावं हे कुठल्या न्यायात बसतं, हा प्रश्न तर शाळकरी पोरालाही कळावा असा होता.

मला त्यातली आणखी एक जागा फार आवडते. मग अमेरिकेचा राजा कोण, असं विचारणाऱ्यांना तो म्हणतो, कायदा. हवं तर समारंभ करा, कायद्याच्या सनदेवर मुकुट ठेवून जगाला दाखवा, पण समारंभ संपला की तो मुकुट फोडा आणि तुकडे लोकांत वाटून टाका, कारण तो त्यांचाच आहे. सहा महिन्यांनी, ४ जुलैला, स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. त्यातली आरोपांची लांब यादी वाचून पाहा. मंत्र्यांचं नाव नाही. प्रत्येक आरोप राजावर.

हाच पेन पुढे फ्रान्समध्ये गेला. तिथल्या सभेत सोळाव्या लुईला ठार मारू नका, असं त्याने सांगितलं आणि त्यापायी पुढे स्वतः तुरुंगात पडला. राजेपण नको म्हणणारा हा माणूस राजाच्या गळ्यासाठी भांडला, हे आपल्याकडच्या ‘असाल तर आमचे, नाही तर शत्रू’ म्हणणाऱ्या मंडळींनी लक्षात घ्यावं.

मराठीशी याचा संबंध काय, तर फार जवळचा. पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ हे पुस्तक जोतीराव फुल्यांनी विशीत वाचलं, १८४७ च्या सुमारास. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. पुण्याच्या पेठेतला एक माळ्याचा मुलगा इंग्लंडच्या एका कारागिराच्या मुलाचं पुस्तक वाचतो आणि मराठी गद्याची चाल बदलते. आपल्या संमेलनात फुल्यांवर भाषणं होतात, हार घातले जातात, पण ही गोष्ट मी आजवर एकाही वक्त्याकडून ऐकली नाही.

फुल्यांच्या आधी, १८४१ मध्ये, भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात टोपणनावाने पत्रं लिहून कंपनी सरकारची लूट चव्हाट्यावर मांडली होती. मग १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रं भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये येऊ लागली. लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरी देशमुख, हे पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या फडणिसाचे चिरंजीव. म्हणजे घर जुन्या राज्यातलं. पण त्यांनी दुसऱ्या बाजीरावाची आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्या सरदारांची जी सालटी काढली आहेत, ती आज वाचतानाही अंगावर येतात. इंग्रजी राज्य हा देवाने दिलेला धडा आहे, असंही ते म्हणत. आणि त्याच लेखणीने, लोक शहाणे झाले की पार्लमेंट मागतील, आणि जुलूम झालाच तर इंग्रजांना जा म्हणतील, असंही लिहीत. सरकारी नोकरीत राहून. आपल्याकडे निवृत्तीनंतरसुद्धा माणसं इतकं बोलत नाहीत.

पण खरं सांगायचं तर मराठी लेखणीने बराच काळ ‘राजा चांगला, कारभारी वाईट’ याच ढालीआडून लढाई केली. १८८२ चं कोल्हापूर प्रकरण घ्या. तरुण महाराजांचा छळ होतोय, आणि तो करतात दिवाण बर्वे, असं ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने छापलं. पुराव्याची पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. महाराज आमचे, दिवाण इंग्रजांचा, असा सगळा मामला. १८८८ साली पुण्यात व्हिक्टोरिया राणीच्या मुलाच्या मेजवानीला फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि त्याला म्हणाले, हे दागिने घातलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, आईला जाऊन सांगा. पेन वाचलेला माणूसही आईला सांगा म्हणतो, कारण ऐकणारा दुसरा कोणी दिसत नसतो. १८९७ मध्ये टिळकांवर जो राजद्रोहाचा खटला झाला, त्यात ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता होती. म्हणजे राणीविरुद्ध बोलायला तोंड घेतलं तेही एका राजाचंच. शिवरामपंत परांजप्यांचं ‘काळ’ साप्ताहिक तर वक्रोक्तीवरच चालत होतं. स्तुती केल्यासारखं करायचं आणि वाचणाऱ्याने उलटं समजून घ्यायचं. १९०८ साली सरकारलाही ते समजलं, आणि परांजपे आत गेले.

आता बेळगाव. १९१६ च्या एप्रिलअखेर आपल्या शहरात मुंबई प्रांतिक परिषद भरली, त्याच वेळी टिळकांनी इथे होमरूल लीग काढली. १ मे रोजीचं त्यांचं भाषण सत्रात मोठ्याने वाचण्यासारखं आहे. राजद्रोहात सापडू नये आणि म्हणायचं तेही राहू नये, म्हणून टिळक वेदान्तात शिरले. सम्राट हे निर्गुण परब्रह्मासारखे, त्यांच्याविषयी आपली तक्रार नाही. तक्रार आहे ती मायेच्या पसाऱ्याविषयी, डोळ्यांना दिसणाऱ्या या कारभाराविषयी, आणि तो बदलायचा हक्क आम्हाला हवा. सरकारने याही भाषणावर आणि अहमदनगरच्या दोन भाषणांवर बोट ठेवून त्यांच्याकडून वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचा २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचे जामीन मागितले. टिळकांच्या बाजूने वकील होते जिना. नोव्हेंबरात हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला.

टिळकांचं हे बुद्धिचातुर्य मोठंच, पण पेनच्या शेजारी ठेवून वाचलं की काय राहिलं ते कळतं. परब्रह्म जागच्या जागी राहिलं होतं.

आठ वर्षांनी, १९२४ च्या डिसेंबरात, टिळकवाडीच्या माळावर काँग्रेस अधिवेशनासाठी ‘विजयनगर’ नावाची छावणी उभी राहिली आणि गांधीजी काँग्रेसच्या अध्यक्षस्थानी बसले. आयुष्यात एकदाच, आणि तेही आपल्या गावात. गंगाधरराव देशपांड्यांनी राबवलेली माणसं, पाण्यासाठी खणलेली विहीर, सगळं आपण शंभरीच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा ऐकलं. अध्यक्षीय भाषण किती जणांनी वाचलं? त्यात गांधीजींनी साम्राज्यात राहून स्वराज्य मिळत असेल तर तेच पसंत केलं आहे, आणि इंग्रजांच्या दोषामुळे नातं तोडावं लागलं तर कचरणार नाही, असंही म्हटलं आहे. स्वराज्याच्या त्यांच्या आराखड्यात भाषावार प्रांतरचनाही होती, यावर इथे काही बोलत नाही, आपल्याला सगळ्यांनाच ते ठाऊक आहे. पण त्याच आराखड्यात संस्थानांविषयी एक कलम होतं: संस्थानांचा दर्जा शाबूत ठेवावा, मध्यवर्ती सरकारने ढवळाढवळ करू नये, मात्र संस्थानातली रयत, गुन्हेगार नसेल तर, स्वराज्याच्या हद्दीत आश्रयाला येऊ शकेल.

हे कलम त्या मांडवात बसून ऐकणाऱ्या शहापूरच्या माणसाला कसं वाटलं असेल? कारण तेव्हा शहापूर बेळगाव नव्हतंच. कपिलेश्वराच्या देवळापलीकडे गेलं की सांगली संस्थान लागायचं. एका बाजूला जॉर्ज पंचम, दुसऱ्या बाजूला पटवर्धन. मी शहापुरात सून म्हणून आले तेव्हा सासरच्या पत्र्याच्या पेटीत मागाच्या खोलीच्या खरेदीचा कागद पाहिला, वर ‘सांगली संस्थान’ असा ठसा. आमच्याकडे आजही रंग खेळतात तो रंगपंचमीला, आणि शहरात धुळवडीला. जुने लोक ते सांगलीच्या अमलाचं लक्षण सांगतात. अशा ठिकाणच्या विणकराला, सोनाराला, सभेत पाचशे पावलं चालत जाऊन ऐकायला मिळतं की तुझा राजा राहील, जमत नसेल तर तू उठून इकडे ये. घर सोडायचं ते रयतेने.

गांधीजींना दोष द्यायचा म्हणून हे लिहिलेलं नाही. संस्थानांचा गुंता त्या वेळी कोणालाच सुटत नव्हता. पण संस्थानातल्या लोकांना हे उत्तर पुरेसं वाटलं नाही, आणि त्यांचीच लेखणी इथून पुढे महत्त्वाची ठरते. सांगलीचे गणेश रघुनाथ अभ्यंकर यांच्यासारखे वकील दक्षिणी संस्थानांतल्या प्रजा परिषदांतून हिशेब मागायला लागले होते: खजिना राजाचा खासगी की राज्याचा? खर्चाचा अंदाज लोकांपुढे का येत नाही? कायदे कोण करतं? आणि हे लिहिणं सोपं नव्हतं. १९२२ मध्ये इंग्रज सरकारने संस्थानिकांच्या अब्रूचं रक्षण करणारा कायदा आणला. मध्यवर्ती कायदेमंडळाने तो मांडायलाही परवानगी नाकारली, तेव्हा व्हाइसरॉय रीडिंगने आपला खास अधिकार वापरून तो लादला. अर्थ असा की बेळगावच्या छापखान्यात बसून शहापूरच्या धन्याविषयी अप्रीती पसरेल असं छापलं, तर खटला इंग्रजी मुलखात. स्वतःवरची टीका इंग्रज काही प्रमाणात सोसत होते, पण मांडलिकांवरची सोसायला तयार नव्हते, कारण मांडलिकांची गादी हलली तर वरची किती दिवस टिकणार?

सांगलीचे चिंतामणराव हे बऱ्या संस्थानिकांत मोडत. त्यांच्या नावाची शाळा शहापुरात अजून आहे, तिथे शिकलेली माणसं अर्ध्या शहरात भेटतील. पेनचा मुद्दा कळायला असाच राजा बरा पडतो. राजा चांगला होता हे मान्य, पण तो चांगला निघाला यात रयतेचा हात काय होता? वाईट निघता तर काय करता आलं असतं?

काय करता आलं असतं, ते रामदुर्गला दिसलं. संस्थान भाव्यांचं, राजा मराठी, रयत बहुतेक कानडी. करांवरून प्रजा संघाची चळवळ उठली, पुढाऱ्यांना धरलं, आणि १९३९ च्या एप्रिलमध्ये खवळलेल्या जमावाने तुरुंगावर चाल केली. पोलीस मारले गेले. पुढे खटला चालला, फासावर माणसं चढली. ही फार वाईट हकिकत आहे, तिचं गुणगान करावं असं काही नाही. पण आपल्या संमेलनात रामदुर्गचं नाव का येत नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारते तेव्हा उत्तर अवघड येतं. तिथे जुलमाची तक्रार कानडी शेतकऱ्याची होती आणि गादी आपल्या भाषेची. भाषेने जवळचा म्हणून राजा रयतेला जवळचा होतो, असं नाही. हे कानडी अमलाखाली मराठी शाळांसाठी झगडणाऱ्या आपल्यालाच सगळ्यात आधी कळायला हवं.

त्याच वर्षी, जानेवारीत, औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपण होऊन कारभार लोकांच्या हाती दिला होता. एकाच वर्षात दोन मराठी संस्थानिक, दोन तऱ्हा. ८ मार्च १९४८ रोजी सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि शहापूर बेळगावात आलं. वर्षभराने, १ मार्च १९४९ ला, कोल्हापूर विलीन झालं, त्याबरोबर रायबाग आपल्या जिल्ह्यात आलं. कित्तूरची राणी चन्नम्मा १८२४ मध्ये दत्तक वारसासाठी लढली, तिचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा, त्याला त्याच गादीसाठी झुंजताना धरून १८३१ च्या २६ जानेवारीला आपल्या खानापूर तालुक्यात, नंदगडला, फाशी दिलं. तेव्हा स्वातंत्र्य म्हणजे आपली गादी आपल्याकडे राहणं. शंभर-सव्वाशे वर्षांत याच जिल्ह्यात त्याचा अर्थ गादीच नको इथवर आला. मधल्या काळात लिहिणाऱ्यांनी, छापणाऱ्यांनी आणि तुरुंगात जाणाऱ्यांनी जे केलं, त्यावर तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ नाही.

काही मंडळी आत्ताच पत्र खाली ठेवायच्या बेतात असतील. बाई शिवरायांवर येणार, असं त्यांना वाटलं असेल. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक मी लहानपणापासून रात्र रात्र जागून पाहिली आहे, आणि यंदाही पाहीन. महाराजांचा पोवाडा १८६९ साली फुल्यांनी लिहिला, तोच पेनचा वाचक. कर्तृत्वाने उभा राहिलेला माणूस आणि वारशाने आलेली गादी यांत त्यांनी गल्लत केली नाही, आपणही करू नये. शाहू महाराजांचा प्रश्न जास्त कठीण आहे. १९०२ साली त्यांनी आपल्या राज्यात निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, आणि पुण्यात स्वराज्य मागणारे अनेक जण त्यांच्या विरोधात होते. म्हणजे लोकशाहीवाले मागे आणि राजा पुढे. हे कोणी सत्रात विचारलंच पाहिजे, आणि वक्त्याला घाम फुटला पाहिजे. मला एवढंच दिसतं की एका हुकमाने दिलेलं दुसऱ्या हुकमाने काढताही येतं. हे शाहूंनाही दिसत असावं. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी लोकांना स्वतःकडे बोट दाखवलं नाही, आंबेडकरांकडे दाखवलं.

आता व्यवहाराचं बोलू. या सत्राला मोठा खर्च नाही. मुख्य भाषण एकच असू द्या, चाळीस मिनिटांचं, आणि त्याआधी वाचन. शतपत्रांतलं एक पत्र, ‘काळ’मधला एखादा लेख, टिळकांच्या बेळगावच्या भाषणाचा परब्रह्माचा भाग आणि ‘कॉमन सेन्स’मधली दोन-तीन पानं मराठीत. वाचायला दहावी-बारावीची मुलं घ्या. पोरं वाचणार म्हटलं की आई-बाप मांडवात आपसूक येतात, हे तुम्हाला सांगायला नको. तीस वर्षं हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला आहे, उतारे निवडून, टाइप करून द्यायचं काम माझ्याकडे लागलं. पेनच्या पानांचं मराठी मी केलं आहे, कोणी जाणकाराने तपासून द्यावं.

रामदुर्गवर बोलायला कानडी वक्ता बोलवा. कानडीतच बोलू द्या, शेजारी दुभाषा बसवा. यावरून बैठकीत वाद होईल, होऊ द्या. परवानगीच्या कचेरीतही ती गोष्ट उपयोगी पडेल, पण तेवढ्यासाठी नव्हे.

खुर्चीचं तुमचं तुम्ही पाहा. उद्घाटकांना आमंत्रण देताना मात्र सत्राचा विषय आधी कळवा, आणि सत्र संपेपर्यंत बसणार का, हेही विचारून घ्या. बसणार असतील तर प्रश्नोत्तरात पहिला प्रश्न त्यांच्या वॉर्डातल्या किंवा गावातल्या माणसाला विचारू द्या.

बेळगुंदी आणि उचगावच्या मंडळींपैकी कोणी रविवारी शहापूर खडेबाजारला येत असेल तर संध्याकाळी घरी या. उताऱ्यांच्या झेरॉक्स तयार आहेत. लांबच्या गावांना डाकेने पाठवीन, पाकिटाचा खर्च माझा.

आपली,
शहापुरातील एक निवृत्त शिक्षिका